तिसरा बिंदू

आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला दिसेनासे झाले की त्याची दोनच निदाने होतात. एक, "मोतीबिंदू आला असेल", आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन आधीच झालेले असेल तर दुसरे, "आता वय झालं." पहिल्या निदानावर उपाय आहे. तालुक्याच्या गावी शिबिर भरते, गाडी येते आणि दोन-तीन दिवसांनी म्हातारे माणूस काळा चष्मा लावून हसत घरी परतते. दुसऱ्या निदानावर मात्र उपाय नाही. किंबहुना उपाय शोधावा लागू नये म्हणूनच ते निदान केले जाते. "वय झालं" असे म्हटले की घरातले सगळे मोकळे होतात. माझ्या आजीच्या बाबतीत आम्हीही असेच मोकळे झालो होतो. त्याची किंमत तिच्या उजव्या डोळ्याला मोजावी लागली. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

मी वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी आणि इतिहास हे माझे विषय. मग डोळ्यांविषयी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे एखादे प्राध्यापक विचारतील. त्यावर माझे उत्तर एवढेच, की आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच आहे आणि अशा घरात बँकेचा कागद, शाळेचा कागद, तसाच डॉक्टरांचा कागदही त्याच एका व्यक्तीला वाचावा लागतो. आजीचा कागद मी वाचला. जे कळले नाही ते विचारून घेतले, वाचनालयात शोधले. त्यातून जे समजले ते आपल्यासारख्याच घरांतून आलेल्या मित्रमैत्रिणींना सांगावे, असे मला वाटते.

आमचे गाव कळंब तालुक्यात आहे. आजी गावात वाकळा शिवण्यासाठी प्रसिद्ध. कुणाच्या घरी लग्न ठरले, बाळंतीण माहेरी आली, की जुनी लुगडी आणि धोतरे घेऊन बायका आमच्या ओसरीवर येत. आजीला अक्षर येत नाही, पण रंग तिच्याइतके कुणाला येत नाहीत. मोरपंखी, अबोली, डाळिंबी, अंजिरी, चिंतामणी, जांभळा, गव्हाळी अशी तिची बाराखडी. कोणत्या ठिगळाशेजारी कोणते ठिगळ बसेल हे तिला विचार करून ठरवावे लागत नसे. मी नववी-दहावीत असताना तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू शिबिरात निघाले. पट्टी काढल्यावर ती म्हणाली होती, "आभाळ एवढं निळं असतंय हे मी विसरलेच व्हते." त्या वर्षी तिने शिवलेली वाकळ अजून माझ्या अंथरुणावर आहे.

मी बारावीत असताना तिच्या हातून पहिली चूक झाली. एका वाकळेच्या काठाला हिरव्या पट्टीत मध्येच निळे तुकडे आले, पिवळ्याच्या जागी पांढुरके आले. काकू म्हणाली, "अहो आत्याबाई, ह्यो निळा हाय, हिरवा न्हवं." आजी म्हणाली, "मला तर दोनी सारकेच दिसाय लागलेत. रंगच उडालाय समद्याचा." त्या नवरात्रात आम्ही तुळजापूरला गेलो, तर ओटीसाठी घेतलेल्या हिरव्या खणावरून तिने दुकानदाराशी वाद घातला. असला राखेच्या रंगाचा, मळका खण देवीला नको म्हणाली. खण हिरवागार होता. आम्हाला लाज वाटली आणि आम्ही तिला हाताला धरून तिथून बाजूला नेले.

पुढे ती म्हणू लागली, की विहिरीजवळचा विजेचा खांब मधेच वाकलाय. चुलते म्हणाले, "खांब सरळच हाय. तुझी नजरच वाकडी झालीय." सगळे हसले. मीही हसले. मग ती समोरून येणाऱ्या माणसाला ओळखीनाशी झाली. भावकीतल्या एका बाईने तक्रार केली, की म्हातारी तोंडासमोर असून बोलत नाही, भलतीच गुर्मी आलीय. पण त्याच दिवसांत आजी एकटी रानात जाई, वाटेतला दगड चुकवी, शेळी सुटली तर धरून आणी. घरात बोलले जाऊ लागले, "शेळी दिसती, दोरी दिसती, अन् माणूस तेवढं दिसत न्हाई व्हय?" थोडक्यात, आजी ढोंग करते असा निकाल लागला. ऑपरेशन झालेले होते, चष्मा होता, चालता-फिरता येत होते. मग तक्रार कसली?

मी पहिल्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत ती मला म्हणाली, "पोरी, तुजं कपाळ दिसतंय, हनुवटी दिसती, पण मदी तोंडच न्हाई." हे वाक्य ऐकून मात्र मला भीती वाटली. वडिलांच्या मागे लागून आम्ही तिला सोलापूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, पडद्याचे छायाचित्र काढले आणि सांगितले, की मोतीबिंदूचे काम उत्तम झालेले आहे, बिघाड मागच्या पडद्यावर आहे. उजव्या डोळ्यात जखम भरून वण राहावा तसा वण पडला होता. डाव्यात पाझर नुकताच सुरू झाला होता. तिला कधीपासून असे होतेय, असे त्यांनी विचारले. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. आजीने मात्र लगेच सांगितले, "रंग उडाल्यापासून." तिला तारीख पाठ होती. ऐकणारे कोणी नव्हते.

डॉक्टरांच्या कागदावर एक शब्द होता, त्याचा मराठी अर्थ पीतबिंदू. घरी आल्यावर काकू म्हणाली, "म्हंजे मोतीबिंदूच की." इथूनच आपला गोंधळ सुरू होतो. आपल्या भाषेत डोळ्याचे तीन बिंदू आहेत. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. पुष्कळदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे हे घडते. हे दोन्ही रोग आहेत. तिसरा पीतबिंदू हा मात्र रोग नव्हेच. तो आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात जन्मापासून असतो. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा आहे, ज्याला पुस्तकात नेत्रपटल म्हणतात, त्याच्या मधोमध पाच-साडेपाच मिलिमीटर रुंदीचा एक पिवळसर भाग असतो, तोच पीतबिंदू. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे, रंगातला बारीक फरक जाणणे ही सगळी नाजूक कामे एवढ्याशा जागेवर चालतात. उतारवयात ही जागा झिजू लागली की होणारा विकार तो पीतबिंदूचा ऱ्हास.

रंगच आधी का उडतो, याचे उत्तर मला फार लक्षात राहिले. आपल्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. त्या एका डोळ्यात सुमारे बारा कोटी असतात आणि बहुतेक कडेच्या भागात पसरलेल्या असतात. रंग कळतो तो शंकुपेशींना. त्या साठ-सत्तर लाखच, आणि त्यांची दाटी मध्यभागी. त्यांचेही तीन प्रकार आहेत. निळ्याकडचा प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी मुळातच शेकडा दहाच्या आत. म्हणजे ज्या जागेवर ऱ्हास होतो तीच रंगांची जागा, आणि त्यात निळ्याचे भांडवल सर्वांत थोडे. पडद्याच्या विकारांत पुष्कळदा निळा-पिवळा हा जोड आधी बिघडतो आणि नसेच्या विकारांत लाल-हिरवा, असा ठोकताळा कोलनर या जर्मन नेत्रवैद्याने १९१२ साली मांडला होता. त्याला अपवाद बरेच आहेत. पण आजीच्या वाकळेत निळा हिरव्यात का मिसळला आणि पिवळ्याच्या जागी पांढुरके का आले, हे मला त्यावरून कळले. आम्ही जिला चूक म्हणत होतो ती रोगाने लिहिलेली चिठ्ठी होती, आणि ती वाचता येणारे घरात कोणी नव्हते.

शेळीचा उलगडाही यातच आहे. मध्यभाग गेला तरी कडेचा पडदा शाबूत राहतो. त्यामुळे वाट दिसते, दगड दिसतो, हलणारी शेळी दिसते. पण जिथे नजर रोखावी तिथेच डाग पडतो. चेहऱ्याकडे पाहिले की चेहरा नाहीसा होतो. अशा माणसाला ढोंगी ठरवणे किती सोपे आहे, हे मी स्वतः पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट सांगते. उजवा डोळा गेल्यावर आजीला संध्याकाळी भिंतीवर बारीक रंगीत फुलांची नक्षी दिसू लागली. खरे रंग गेले आणि नसलेले दिसू लागले. शेजारच्या बायकांनी "बाहेरचं" असल्याचे सांगून लिंबू उतरवून टाकायला लावला. पण ही भुताटकी नव्हे आणि वेडही नव्हे. डोळ्यांकडून बातमी येईनाशी झाली की मेंदू आपल्याच पदरची चित्रे पुढे करतो. शार्ल बॉने या स्विस अभ्यासकाने १७६० साली हे पहिल्यांदा व्यवस्थित लिहून ठेवले, तेही स्वतःच्या दृष्टी अधू झालेल्या आजोबांचे ऐकून. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका नातवाने आजोबांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला, म्हणून आज त्या लक्षणाला नाव आहे. मी कॉलेजात शिकत असूनही हसले, याची मला आज शरम वाटते.

हा विकार दोन प्रकारचा असतो. कोरड्या प्रकारात पडद्याखाली पिवळट कचरा साचत जातो आणि मधल्या पेशी वर्षानुवर्षे हळूहळू मरतात. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या कोवळ्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून पाझर होतो, रक्त उतरते. सरळ रेषा वाकड्या दिसतात त्या यामुळे. आजीचा वाकडा खांब हाच. ओला प्रकार आठवड्यांत, महिन्यांत दृष्टी नेऊ शकतो. पण उपाय आहे तो त्याच प्रकारावर. या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी इंजेक्शने डोळ्यात देतात. त्यातले एक प्रमुख औषध २००६ साली अमेरिकेत मंजूर झाले, आणि त्याच औषधाची भारतात तयार झालेली, तुलनेने स्वस्त आवृत्ती २०१५ पासून मिळू लागली. वण पडण्यापूर्वी ही इंजेक्शने दिली तर बहुतेकांची दृष्टी टिकते, काहींची थोडी सुधारते. वण पडल्यावर ती फारसे काही करू शकत नाहीत. कोरड्या प्रकारात गेलेली दृष्टी परत आणणारे औषध आजही नाही. मधल्या टप्प्यावर विशिष्ट जीवनसत्त्वे आणि जस्त यांचे मिश्रण घेतल्यास रोग पुढच्या थराला जाण्याचा धोका सुमारे पाव हिश्शाने कमी होतो, असे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००१ साली दिसले. तेही डॉक्टरांनी सांगितले तरच घ्यावयाचे. टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण म्हणजे विडी-सिगारेट. धूम्रपान करणाऱ्याला हा धोका दुपटीच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असतो. पारावर बसणाऱ्या आपल्या आजोबांना हे कोणी सांगत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. यात दोष कोणाचा? शिबिर घेणाऱ्यांना बोल लावणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, तेव्हापासून त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवर राहिला आणि तो योग्यच होता. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशीपुढच्या अंध लोकांपैकी ६६.२ टक्के लोक मोतीबिंदूमुळेच अंध असल्याचे आढळले. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावात जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ साली पद्मश्री मिळाली ती मोतीबिंदूच्या कामामुळेच, आणि आपल्या भागातल्या कितीतरी घरांत त्यांचे नाव देवासारखे घेतले जाते. माझ्या आजीला निळे आभाळ परत मिळाले तेही एका शिबिरामुळेच.

पण ६६ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे. उरलेल्या तिसऱ्या हिश्शात काचबिंदू आहे, मधुमेहाने खराब झालेला पडदा आहे, पीतबिंदूचा ऱ्हास आहे, इतरही आहे. हा शहरातल्या किंवा परदेशातल्या लोकांचा रोग, खेड्यात कुठला, असेही कोणी समजू नये. नागपूरजवळच्या खेड्यांतून २००६ पासून झालेल्या एका मोठ्या पाहणीत तीस वर्षांवरच्या ४७११ जणांचे डोळे तपासले गेले. त्या शेतकरी-मजुरांतही पीतबिंदूच्या ऱ्हासाची माणसे सापडली. तो मोतीबिंदूइतका सर्रास नाही, एवढेच. पण मोतीबिंदू थांबू शकतो. आज नाही तर सहा महिन्यांनी निघेल. ओला पाझर थांबत नाही. जो रोग वाट पाहत नाही त्याचेच नाव आपल्याला माहीत नाही, ही खरी अडचण आहे.

शिवाय आपली तपासणीची साधनेही अशा माणसाला पकडत नाहीत. तक्त्यावरची अक्षरे वा उलटसुलट 'ई' दाखवून दृष्टी मोजतात, तिथे रंगाचा प्रश्नच येत नाही. रंगांधळेपणासाठी ठिपक्यांचे जे तक्ते आपण पोलीस वा रेल्वे भरतीच्या वैद्यकीय तपासणीत पाहतो, ते जपानच्या इशिहारांनी १९१७ साली प्रथम प्रसिद्ध केलेले. ते जन्मजात लाल-हिरव्या दोषासाठी आहेत. निळ्या-पिवळ्याचा दोष त्यांत सापडत नाही. जन्मजात रंगांधळेपणा दोन्ही डोळ्यांत सारखा असतो आणि आयुष्यभर तसाच राहतो. उतारवयात आलेला दोष एका डोळ्यात जास्त, दुसऱ्यात कमी असतो आणि वाढत जातो. म्हणूनच दोन्ही डोळे उघडे असताना माणसाला तो पुष्कळ दिवस कळतही नाही. चांगला डोळा वाईट डोळ्याला झाकून घेतो. आपल्या एकत्र कुटुंबात नाही का एखादा भाऊ दुसऱ्याचे झाकून घेत! उघडकीस येते तेव्हा उशीर झालेला असतो.

मग कोणते साधन उरते? माझ्या मते सर्वांत जुने आणि स्वस्त साधन म्हणजे म्हाताऱ्या माणसाला विचारणे आणि त्याचे खरे मानणे. माझ्या आजीने कोणत्याही यंत्राच्या आधी, वर्षभर आधी, रोगाचे नेमके वर्णन केले होते. रंग उडाला, रेषा वाकली, मधले तोंड गेले. या तीन गोष्टी तिने तिच्या भाषेत सांगितल्या आणि वैद्यकाच्या पुस्तकात त्या तशाच आहेत. तिच्या बोलण्यात काही उणे नव्हते. उणे आमच्या ऐकण्यात होते. म्हातारी बाई, त्यातून निरक्षर, तिला काय कळते, हे आम्ही धरून चाललो होतो. आणि शिकलेली म्हणवणारी मी त्यात सामील होते. शिक्षणाने आपल्याला उत्तर द्यायला शिकवले, ऐकायला शिकवले नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक म्हाताऱ्याच्या प्रत्येक तक्रारीसाठी सोलापूर-लातूर गाठायचे, तर रोजंदारीवर जगणाऱ्याने काय करावे? हा आक्षेप खरा आहे. आम्हालाही एका फेरीसाठी दोन माणसांचा रोज बुडवावा लागतो आणि इंजेक्शनांसाठी वडिलांनी शेळ्या विकल्या. त्यात ती शेळीही होती. म्हणूनच कोणाला आज न्यायचे आणि कोण थांबू शकते, हे गावातच ओळखता आले पाहिजे. आणि ते काम आपण विद्यार्थी करू शकतो.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. दरवर्षी एका गावात आपले सात दिवसांचे शिबिर असते. आपण गटार काढतो, झाडे लावतो, पथनाट्य करतो. माझी सूचना अशी, की पुढच्या शिबिरात आपण घरोघर जाऊन साठीपुढच्या प्रत्येकाजवळ दहा मिनिटे बसावे. लागणारे साहित्य म्हणजे गणिताची चौकटीची वही आणि दोऱ्याची चार रिळे. वहीच्या पानावर मध्यभागी एक ठसठशीत ठिपका काढायचा. जवळचा चष्मा असेल तर तो लावून, उजेडात, दीड वीत अंतरावर पान धरायचे. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहायला सांगायचे, आणि विचारायचे: आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत की लाटेसारख्या? कुठे डाग, कुठे भोक दिसते का? मग दुसरा डोळा. अ‍ॅम्स्लर नावाच्या स्विस नेत्रवैद्याने १९४० च्या दशकात प्रचारात आणलेली चौकटींची चाचणी ती हीच. आजही डॉक्टर रुग्णाला असाच कागद घरी लावायला देतात.

नंतर लाल, पिवळे, निळे आणि हिरवे रीळ एकेका डोळ्याला दाखवायचे. लाल रंग दोन्ही डोळ्यांना सारखाच लाल दिसतो का? निळे-हिरवे वेगळे कळते का? विचारताना आपले पुस्तकी शब्द वापरू नयेत. कुंकू फिकट दिसते का, हळद पांढरी वाटते का, असे विचारावे. ज्यांनी आयुष्यभर तुरीच्या शेंगेचा रंग पाहून काढणी ठरवली त्यांना रंगाची भाषा शिकवायला आपण जायचे नाही. त्यांच्याकडून ती घ्यायची.

एवढ्याने निदान होत नाही, हे मला मान्य आहे. रंग फिका होण्याची कारणे पुष्कळ आहेत. मोतीबिंदू आहे, मधुमेह आहे, क्षयावरच्या इथॅम्ब्युटॉल या औषधानेही कधी कधी रंगांची ओळख बिघडते. पण यातले प्रत्येक कारण डॉक्टरांकडे जाण्याजोगेच आहे. आणि ज्याला रेघा नव्यानेच वाकड्या दिसू लागल्या त्याला त्याच आठवड्यात न्यायचे, एवढे जरी आपण गावाला पटवले तरी एखाद्याचा डोळा वाचेल. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्याबरोबर यावे, अशी विनंती आपल्या प्राचार्यांनी करावी, असे मला सुचवावेसे वाटते. आपल्या कला शाखेच्या मुलांना माणसांशी बोलता येते, त्यांना डोळे तपासता येतात. दोघे मिळून पूर्ण काम होईल.

शेवटी एक गोष्ट. जिथे उपाय उरलेला नाही तिथेही माणूस उरलेला असतो. अमेरिकेतल्या प्रसिद्ध चित्रकर्त्री जॉर्जिया ओ'कीफ यांची मधली दृष्टी याच विकाराने गेली. कोणाच्याही मदतीशिवाय केलेले त्यांचे शेवटचे तैलचित्र १९७२ चे. पण त्यानंतर त्यांनी मातीकाम केले, मदतनीस घेऊन रंगकामही केले, आणि १९८६ साली अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. हे वाचले तेव्हा मला ओसरीवर रिकामी बसलेली आजी आठवली. आम्ही तिच्या हातून सुई काढून घेतली होती, "आता कशाला शिवतीस" म्हणून.

मी सुई परत दिली. आता तुकडे मी आणि माझी धाकटी बहीण रंगांप्रमाणे वेगळे करतो आणि प्रत्येक गठ्ठ्याला वेगळ्या गाठी मारतो. निळ्याला एक, हिरव्याला दोन, पिवळ्याला तीन. आजी बोटांनी गाठी मोजते, विचारते, "ह्यो निळा कसला? मोरपंखी का आभाळी?" आणि मला पुष्कळदा सांगता येत नाही. मग ती कापड डाव्या डोळ्याच्या कडेशी धरते, मान तिरपी करते, कुणाच्या लुगड्याचे ते आहे ते सांगते, आणि ते लुगडे नवे असताना कसे होते तेही. डाव्या डोळ्याला गेल्या वर्षभर इंजेक्शने चालू आहेत आणि तो टिकून आहे. दर रविवारी मी तिच्यासमोर चौकटीची वही धरते. परवा तिने नेहमीप्रमाणे रेघा पाहिल्या, सरळ आहेत म्हणाली आणि वही माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आता तुजा डोळा झाक. तुलाबी कुणीतरी इचारलं पायजे."